सिराक दिवसभर करतात तरी काय?

गेल्या अंकात क्वांटम संगणकाबद्दलच्या एका उत्तरात मी हुआन इग्नासिओ सिराक या स्पॅनिश सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाचं नाव दोन ओळींत घेतलं आणि पुढे गेले. नेमकी त्या दोन ओळींवरच सगळ्यांत जास्त पत्रं आली. संपादक म्हणाले, या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाका. दिलं.

प्रश्न (निवृत्त ओव्हरसियर, सातारा): बाई, तुम्ही लिहिलंत की क्वांटम संगणक कसा बांधायचा हे सिराक यांनी सांगितलं, पण स्वतः एकही यंत्र बांधलं नाही. आम्ही नोकरीभर उन्हातान्हात उभं राहून कामं करून घेतली. साइटवर कधी न फिरकणाऱ्या साहेबाचं आम्हाला कधी कौतुक वाटलं नाही. हे गृहस्थ दिवसभर करतात तरी काय?

उत्तर: साइटवर न फिरकणाऱ्या साहेबाचं मलाही कौतुक नाही. सिराक त्यांतले नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

१९९४ साली पीटर शोर या गणितज्ञानं दाखवून दिलं की क्वांटम नियमांवर चालणारा संगणक असेल, तर प्रचंड मोठ्या संख्येचे अवयव तो झटपट पाडेल. आजची बरीचशी गुप्तलेखनं ‘असे अवयव पाडणं अवघड आहे’ याच भरवशावर उभी आहेत, त्यामुळे खळबळ उडाली. पण तो संगणक होता कुठे? कागदावर. कशाचा बनवायचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बोल्डर गावी अणुभौतिकीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे आर्टुर एकर्ट यांनी अणूंवर काम करणाऱ्या मंडळींसमोर हा विषय मांडला. दोन क्यूबिटांमध्ये (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वांत लहान घटक) एक विशिष्ट क्रिया घडवून आणता आली, तर बाकीचं सगळं त्यातून उभं करता येतं, असा त्याचा मथितार्थ. श्रोत्यांत पीटर झोलर हे ऑस्ट्रियन प्राध्यापक होते आणि त्यांच्याकडे पीएच.डी.नंतरचं संशोधन करायला आलेले २८ वर्षांचे सिराक होते.

या दोघांचं आधीचं काम काय? लेसरनं अणू आणि आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, कसे थंड करायचे, सापळ्यात धरलेल्या आयनला लेसरचा किती वेळचा स्पंद, म्हणजे क्षणिक झोत, दिला की तो कसा हलतो, याचे हिशेब. कुठली ऊर्जापातळी किती वेळ टिकते, कुठला लेसर बेभरवशाचा, आयन किती थंड करता येतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. डेव्हिड वाइनलँड यांची आयन-सापळ्यांची प्रयोगशाळा त्याच गावात. म्हणून एकर्टच्या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिलं, त्यात प्रयोगशाळांकडे आधीच असलेलं, किंवा वर्षा-दोन वर्षांत येईल असं, सामानच वापरलं होतं. मे १९९५ मध्ये ते छापून आलं. लांबी चार पानं.

त्यांच्या आधीही क्वांटम संगणकाच्या कल्पना मांडणारे होते. पण ‘अमुक आयन घ्या, अमुक पातळीवर अमुक लांबीचे तीन स्पंद द्या’ इतकं नेमकं सांगितलं की प्रयोगवाला माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. त्याच वर्षअखेरीस क्रिस्तोफर मन्रो, वाइनलँड आणि सहकाऱ्यांनी बेरिलियमच्या एकाच आयनवर या क्रियेचा गाभा करून दाखवला. त्यात एक क्यूबिट म्हणजे आयनची अंतर्गत अवस्था, आणि दुसरा म्हणजे त्याचं कंपन.

तर ओव्हरसियरसाहेब, दिवसभर काय करतात? फळा, कागद, संगणक, विद्यार्थी, आणि शेजारच्या प्रयोगशाळेत काय जमतंय आणि काय अडतंय याची सततची चौकशी.

प्रश्न (बारावीतली विद्यार्थिनी, लातूर): बाई, ते तीन स्पंद काय करतात? आमचे सर म्हणाले, ते तुला आत्ता कळणार नाही.

उत्तर: कळेल. कागद घे.

निर्वात पात्रात, बदलत्या विद्युत क्षेत्राच्या सापळ्यात, काही आयन धरलेले आहेत. सगळे धनभारित, म्हणून एकमेकांना ढकलतात. सापळा त्यांना आत रेटतो. या दोन्हींच्या मध्ये ते एका रांगेत स्थिर होतात. दोघांतलं अंतर काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. पण अणूच्या आकाराच्या मानानं अफाट. त्यामुळे एका आयनच्या आत काय चाललंय याचा शेजाऱ्याला पत्ता नसतो. क्यूबिट म्हणून हे आयन छानच. प्रत्येकाच्या दोन ऊर्जापातळ्या निवडायच्या, खालची ० आणि वरची १. अडचण एकच: दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं कसं?

सिराक-झोलर यांचं म्हणणं असं की रांगेचं सामायिक कंपन वापरा. बाजेवर चौघं बसलेली असतात, त्यांतल्या एकानं कूस बदलली तरी चौघं हलतात, तसं आयनांचं आहे. एकाला धक्का दिला की विद्युत प्रतिकर्षणामुळे अख्खी रांग डोलते. आधी लेसरनं रांग इतकी थंड करायची की हे डोलणं क्वांटम नियम परवानगी देतील तितकं किमान होईल. ती अवस्था म्हणजे कंपनाचं ०. त्याच्यावरची पहिली पायरी म्हणजे कंपनाचं १.

आता स्पंद. पहिला स्पंद पहिल्या आयनवर. तो आयन १ मध्ये असेल तर खाली ० मध्ये येतो आणि त्याची ती ‘१’ कंपनाकडे जाते, रांग एक पायरी डोलू लागते. आयन ० मध्ये असेल तर काहीच होत नाही. दुसरा स्पंद दुसऱ्या आयनवर, लांबी दुप्पट, आणि तो एका तिसऱ्याच, मदतीच्या पातळीला लावलेला. रांग डोलत असेल *आणि* दुसरा आयन ० मध्ये असेल, तर तो त्या तिसऱ्या पातळीला जाऊन परत येतो आणि येताना अवस्थेला उणे चिन्ह लागतं. बाकी कुठल्याही स्थितीत काही घडत नाही. तिसरा स्पंद पुन्हा पहिल्या आयनवर, पहिल्यासारखाच. तो कंपनातली ‘१’ परत पहिल्या आयनला देतो. रांग शांत, जणू काही झालंच नाही. फक्त एक उणे चिन्ह मागे उरलेलं, आणि तेही पहिला व दुसरा दोघंही १ असतील तेव्हाच.

‘दुसरा ० असताना उणे लागतं म्हणालात, मग शेवटी १-१ ला कसं?’ असं तू विचारणार. पहिला आणि तिसरा स्पंद मिळूनही एक उणे आणतात. जिथे दोन उणे पडतात तिथे ती एकमेकांना खातात. उरलेला हिशेब सदराच्या शेवटच्या उत्तरात आहे, तो स्वतः करून बघ.

एका उणे चिन्हासाठी एवढा खटाटोप? हो. क्वांटम अवस्थेत ० आणि १ एकाच वेळी मिसळलेले असतात, आणि अशा मिश्रणातल्या एकाच पदाचं चिन्ह बदललं की दोन आयन एकमेकांत गुंततात. त्यांची अवस्था मग सुटी सुटी लिहिताच येत नाही. दुसऱ्या आयनला आधी आणि नंतर एकेक अर्ध्या लांबीचा स्पंद दिला, की या चिन्हाचं रूपांतर ‘पहिला १ असेल तर दुसरा उलटा कर’ या क्रियेत होतं. एकर्ट मागत होते ती हीच.

प्रश्न (सॉफ्टवेअर अभियंता, नाशिक): म्हणजे आजचे आयनांवर चालणारे सगळे क्वांटम संगणक याच पद्धतीनं चालतात का?

उत्तर: नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण गौरवाच्या लेखांमध्ये ते हमखास गाळलं जातं.

दोन वेगवेगळ्या आयनांवर सिराक-झोलर यांची क्रिया जशीच्या तशी करून दाखवायला २००३ साल उजाडलं. इन्सब्रुकला राइनर ब्लाट यांच्या गटानं कॅल्शियमच्या दोन आयनांवर ती केली, अचूकता सत्तर टक्क्यांच्या आसपास. आठ वर्षं लागली, कारण मूळ कृतीत दोन अटी जाचक होत्या. रांग अगदी किमान कंपनापर्यंत थंड हवी, आणि लेसर एका वेळी एकाच आयनवर पडायला हवा. मायक्रॉनच्या अंतरावर बसलेल्या शेजाऱ्याला अजिबात न लागता! दरम्यान १९९९ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठात अँडर्स सोरेन्सन आणि क्लाउस म्योल्मर यांनी दोन्ही आयनांवर एकाच वेळी प्रकाश टाकायची पद्धत सुचवली. ती कंपनाच्या बाबतीत बरीच सोशिक आहे. आज बहुतेक ठिकाणी तिच्याच घराण्यातल्या पद्धती चालतात. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड आणि बोल्डर इथल्या गटांनी याच वाटेनं ९९.९ टक्क्यांच्या घरात अचूकता गाठली.

पण सामायिक कंपन हाच निरोप्या, ही कल्पना १९९५ च्याच चार पानांतली. ती बदललेली नाही.

प्रश्न (शिक्षक दांपत्य, रत्नागिरी): मग नोबेल का नाही?

उत्तर: २०१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल वाइनलँड आणि सर्ज हारोश यांना मिळालं. दोघंही प्रयोगवाले. पुढच्याच वर्षी सिराक आणि झोलर यांना वुल्फ पारितोषिक मिळालं. त्याआधी २००६ मध्ये सिराक यांना स्पेनचं प्रिन्स ऑफ अस्तुरियास पारितोषिक, २०१० मध्ये वाइनलँड-झोलर यांच्यासोबत बेंजामिन फ्रँकलिन पदक, आणि नंतर २०१८ मध्ये जर्मनीतलं माक्स प्लांक पदक. स्पेनच्या वाट्याला भौतिकशास्त्राचं नोबेल आजवर आलेलं नाही, त्यामुळे दर ऑक्टोबरला तिकडची वर्तमानपत्रं त्यांचं नाव घेतात. याहून जास्त मला त्यात रस नाही.

प्रश्न (मराठी वाचक, म्युनिक): मी रोज यू-सहा गाडीनं जाते. शेवटचं स्टेशन गार्शिंगचं संशोधन-संकुल. सिराक तिथेच बसतात असं कळलं. तिथे आता काय चालतं?

उत्तर: मग तुम्ही आमच्यापेक्षा खूपच जवळ आहात! गार्शिंगच्या माक्स प्लांक क्वांटम ऑप्टिक्स संस्थेत सिराक २००१ पासून सिद्धांत विभागाचे संचालक आहेत. १९९६ ते २००१ ते इन्सब्रुकला प्राध्यापक होते. तिथल्या काळातल्या दोन गोष्टी सांगते, मग गार्शिंगकडे वळते.

पहिली गोष्ट, लांबवर एंटँगलमेंट, म्हणजे वर सांगितलं ते गुंतणं, पोचवण्याची. काचेच्या फायबरमधून प्रकाशाचा एकेक कण पाठवला तर वाटेत तो हरवतो. चांगल्या फायबरमध्येही १०० किलोमीटरवर शंभरातला एक पोचतो. १००० किलोमीटरवर हिशेब केला तर सेकंदाला दहा अब्ज कण सोडूनही एक कण पोचायला सुमारे ३०० वर्षं लागतात. साध्या दूरध्वनीला मध्ये मध्ये ॲम्प्लिफायर लावतात, इथे ते चालत नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल निसर्ग करूच देत नाही. १९९८ मध्ये ब्रीगेल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी तोड सुचवली: वाटेचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना गुंतलेली जोडी तयार करा, तिची खोट काढा, आणि मग शेजारशेजारच्या जोड्या एकमेकींत जोडत जा. कण अख्खं अंतर कधीच धावत नाही. २००१ मध्ये हेच काम अणूंच्या ढगांनी कसं करता येईल ते त्यांनी दुआन आणि लुकिन यांच्यासह मांडलं.

दुसरी, तुमच्या म्युनिकची. १९९८ मध्येच याक्श, ब्रुडर, सिराक, गार्डिनर आणि झोलर यांनी लिहिलं की लेसरच्या उभ्या तरंगांनी प्रकाशाची जाळी तयार करायची आणि तिच्या खळग्यांत अतिथंड अणू सोडायचे. खळगे उथळ असताना अणू सगळीकडे पसरून वाहतात. खळगे खोल करत नेले की एका टप्प्यावर प्रत्येक जण आपापल्या खळग्यात अडकतो. घन पदार्थात इलेक्ट्रॉनांचं जे घडतं आणि ज्याचं गणित हाताबाहेर जातं, ते इथे अणूंकडूनच करून घ्यायचं. २००२ मध्ये ग्राइनर, हेन्श, ब्लोख आणि सहकाऱ्यांनी रुबिडियमचे अणू घेऊन हे म्युनिकमध्ये प्रत्यक्ष दाखवलं. ज्या समूहनियमानं हे अणू एकवटतात तो सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइनस्टाइनला धाडलेल्या टिपणातून निघालेला, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. तरी सांगते, आपल्याला आवडतं.

आणि आता गार्शिंग. ३०० क्यूबिटांची अवस्था पूर्ण लिहायची तर दोनचा ३०० वा घात इतक्या संख्या लागतात. दिसणाऱ्या विश्वात तितके अणूही नाहीत. पण निसर्गात प्रत्यक्ष आढळणाऱ्या अवस्था या महासागराच्या एका लहानशा कोपऱ्यात असतात, कारण त्यांच्यातलं गुंतणं बहुतांशी शेजाऱ्याशेजाऱ्यांपुरतं असतं. त्या कोपऱ्याची भाषा तयार करण्यात, म्हणजे टेन्सर नेटवर्कमध्ये, फ्रांक वेर्स्ट्रेट आणि सिराक यांचं २००४ पासूनचं काम पायाभूत मानलं जातं. माझ्या मते त्यांचं सगळ्यांत टिकाऊ काम हेच ठरेल. क्वांटम संगणक उद्या चालो न चालो, साधा संगणकही याचा आजच फायदा घेतोय.

प्रश्न (मडगाव): स्पेनची हुशार माणसं बाहेरच का जातात? आमच्या गोव्यातलीही जातात म्हणून विचारलं.

उत्तर: स्पेनला याची जखम जुनी आहे. १९२३ मध्ये आइनस्टाइन माद्रिदला आले तेव्हा त्यांच्या स्वागताला पुढे होते ब्लास काब्रेरा, तिथल्या भौतिकशास्त्राचे अध्वर्यू. यादवी युद्धानंतर त्यांना मायदेश सोडावा लागला आणि १९४५ मध्ये ते मेक्सिकोत वारले. त्यांचा मुलगा निकोलास हाही सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. ब्रिस्टलमध्ये त्यानं नेव्हिल मॉट यांच्याबरोबर धातूवर ऑक्साइडचा पातळ थर कसा चढतो याचा सिद्धांत मांडला, आणि १९५१ मध्ये बर्टन व फ्रँक यांच्यासह स्फटिक कसे वाढतात याचा. आजही दोन्ही शिकवले जातात, मी स्वतः शिकवलेत. साठच्या दशकाच्या शेवटी तो अमेरिकेतून परतला आणि माद्रिदच्या स्वायत्त विद्यापीठात भौतिकशास्त्र विभाग उभा केला. एक पिढी अशी मधल्यामध्ये गेली.

सिराक लोकशाही आल्यानंतरच्या स्पेनमध्ये शिकले. जन्म १९६५, कॅटलोनियातल्या मानरेसाचा. पदवी आणि १९९१ ची पीएच.डी. माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठाची. पहिली नोकरी सिउदाद रेआलला, कास्तिया-ला मांचा विद्यापीठात. विद्यापीठ नवं आणि गाव काही विज्ञानाचं माहेरघर नव्हे, त्यातही नेमणूक रसायनशास्त्राच्या फॅकल्टीत. बोल्डरला ते तिथूनच गेले. तेव्हा ‘आमच्याकडे वातावरण नाही’ हे कारण मी मुलांकडून सहसा ऐकून घेत नाही, पण ‘आमच्याकडे परतायला जागा नाही’ हे मात्र ऐकून घेते. ती जागा करणं हे मुलांचं काम नाही.

प्रश्न (बँकेतून निवृत्त, ठाणे): क्वांटम संगणक आला की आमचे पासवर्ड, यूपीआय, मुदतठेवी यांचं काय?

उत्तर: उद्या सकाळी काही होत नाही. बँका वापरतात त्या प्रकारची २०४८ बिटांची चावी फोडायला दोन कोटी सदोष क्यूबिट आणि आठ तास लागतील, असा अंदाज २०१९ मध्ये निघाला. २०२५ मध्ये त्याच अभ्यासकांपैकी एकानं तो दहा लाखांच्या आत आणला. आजची यंत्रं त्यापासून पुष्कळ दूर आहेत. सिराक स्वतःही मुलाखतींमध्ये या बाबतीत हात राखून बोलतात. पहिला खरा उपयोग पदार्थांच्या आणि रेणूंच्या अभ्यासात होईल, हा त्यांचा रोख. पण अंदाज खाली येतोय हेही दिसतंय, म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमपुढेही टिकतील अशा गुप्तलेखनाची पहिली तीन मानकं जाहीर केली. बदल बँकांनी करायचाय. तुम्ही ओटीपी कुणाला सांगू नका, त्या चोराला क्वांटम संगणक लागत नाही.

प्रश्न (बी.एस्सी. दुसरं वर्ष, कोल्हापूर): मला यातच काम करायचंय. आत्तापासून काय वाचू? आणि आपल्याकडे हे कुठे चालतं?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ६००३.६५ कोटींची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. तिच्या चार केंद्रांपैकी संगणनाचं बंगळूरच्या आयआयएस्सीत आहे आणि संवेदन व मापनाचं आयआयटी मुंबईत. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तुझ्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं.

वाचण्याआधी रेषीय बीजगणित पक्कं कर. नंतर १९९५ ची ती चार पानं काढ. सगळी कळणार नाहीत, पण मधला तक्ता तुझ्या आवाक्यातला आहे. नियम तीन. पहिल्या स्पंदात ‘पहिला आयन १, कंपन ०’ हे उणे i (i म्हणजे उणे १ चं वर्गमूळ) गुणिले ‘पहिला ०, कंपन १’ होतं. दुसऱ्यात ‘दुसरा ०, कंपन १’ ला उणे लागतं. तिसऱ्यात ‘पहिला ०, कंपन १’ हे उणे i गुणिले ‘पहिला १, कंपन ०’ होतं. न सांगितलेल्या स्थिती तशाच राहतात. आता सुरुवातीला कंपन ० धरून दोन आयनांच्या चारही स्थिती, ००, ०१, १० आणि ११, या तिन्हींतून ओळीनं ने. तिघींना अधिक चिन्ह आणि एकट्या ११ ला उणे मिळायला हवं. १० च्या ओळीत बहुतेक जण घसरतात, तिथे i चा गुणाकार दोनदा तपास. लातूरच्या मुलीनंही हाच हिशेब करावा. जुळला नाही तर वहीच्या पानाचा फोटो संपादकांकडे पाठवा, पुढच्या अंकात बघू.